लाउटरब्रुनेनहून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल पहाटेच्या गाडीने इथल्या, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या, लाउटरब्रुनेन गावाला गेले. आई, फोनवर तू विचारलंस, एकटी कशाला जातेस? कारण सांगते. मला तिथली दरीतली पायवाट तुमच्यासाठी चालून बघायची होती.

दोन्ही बाजूंना चुनखडीचे सरळ तुटलेले कडे आणि मध्ये हिमनदीने कोरलेली सपाट दरी. सात वाजता शिखरांवर ऊन होतं, खाली मात्र हुडहुडी भरवणारी सावली. या दरीत 72 धबधबे आहेत म्हणतात. गावालगतचा श्टाउबबाख 297 मीटरवरून पडतो, पण वाऱ्याने त्याचं पाणी वाटेतच धुळीसारखं उडून जातं. त्याच्या नावातही धूळच आहे, जर्मनमध्ये 'श्टाउब' म्हणजे धूळ. बाबा, नाणेघाटात वाऱ्याने वर उलटणारं पाणी तुम्ही दाखवलं होतंत, ते आठवलं आणि तिथेच थांबून राहिले.

पुढच्या श्टेखेलबेर्ग गावापर्यंतची वाट साधारण साडेसहा किलोमीटर, चढ जेमतेम सव्वाशे मीटर. इथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नाही, वेळ लिहिलेली असते. पाटीप्रमाणे दोन तासही लागत नाहीत. मला तीन लागले, कारण मी मुद्दाम तुमच्या चालीने चालले. दर बाकावर बसले. गाईंच्या घंटा ऐकल्या, लाकडी डोणीतलं गार पाणी प्यायले. समोरून येणारा प्रत्येक जण 'ग्रुएसेख' म्हणतो, आपल्या रामरामसारखं. आई, तुला हे फार आवडेल.

मध्ये ट्र्युमेलबाख धबधबा लागतो. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत कोसळतं. भर उन्हाळ्यात सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत. आत उभं राहिलं की पायाखालचा खडक थरथरतो आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वर जायला डोंगरातच लिफ्ट आहे, पण पुढे ओल्या पायऱ्या आहेत. बाबा, तिथे तुम्ही माझा हात धरायचा. हरिश्चंद्रगडावर मी नववीत असताना तुम्ही माझा धरला होतात, तसाच घट्ट.

गुडघ्यांमुळे तुम्ही डोंगराचं नावच काढत नाही, हे मला सहन होत नाही. इथे तुम्हाला चढायचंच नाहीये. कडे आपोआप डोक्यावर येतात, आपण फक्त खालून चालायचं. थकलात तर रस्त्यावर पिवळी पोस्टाची बस मिळते, थांबे मी बघून ठेवलेत. आईसाठी जाड स्वेटर इथेच घेईन.

जूनमध्ये या. बर्फ वितळून धबधबे तेव्हा भरात असतात आणि कुरणांत फुलं असतात. व्हिसाला वेळ लागतो, म्हणून दोघांचे पासपोर्ट आजच कपाटातून काढा आणि मुदत कधीपर्यंत आहे ते मला कळवा.

तुमची,
मनू