लेझरवाल्यांकडून आम्हाला एक कागद मिळवून द्या: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

पत्र लिहायला कारण की माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर सध्या गोल गोल काळपट डाग आहेत, एका रांगेत, मोजले तर सव्वीस भरले. कोणी विचारलं की मी डास चावले म्हणून सांगते, पण डास काही इतक्या शिस्तीत चावत नाहीत. लेझरने केस काढायला गेले होते, दोन सेशन व्यवस्थित झाली आणि तिसऱ्याला हे झालं.

आधीच सांगते, लेझर बंद करा असं मी म्हणत नाहीये. उलट माझं मत असं की पद्धत चांगली आहे. ज्यांच्या हनुवटीवर हार्मोन्सच्या गडबडीमुळे दाट केस येतात त्यांना किंवा दाढी केल्यावर केस आत वळून गळ्यावर गाठी येतात अशा पुरुषांना विचारा, त्यांच्यासाठी ही चैन नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्या अंगावर काय मारलं ते आम्हाला लिहून मिळायला हवं.

झालं काय, की डाग घेऊन मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, लेझर कुठलं होतं? मी म्हटलं, पांढरं मशीन होतं. त्या हसल्या नाहीत. अलेक्झांड्राइट, डायोड की एनडी-याग? किती ज्यूल, म्हणजे ऊर्जा किती? पल्स किती, म्हणजे उजेडाचा एकेक झोत किती वेळाचा? मला काहीच माहीत नाही. मग त्यांनीच डाग निरखून अंदाज बांधला की गोल आहेत म्हणजे डायोडची चौकोनी टीप, म्हणजे त्वचेवर टेकणारं टोक, नसावी, बहुतेक अलेक्झांड्राइट असेल. म्हणजे साहेब, चोराच्या पावलांवरून चोर ओळखतात तसं माझ्या डॉक्टरांनी मशीन ओळखायचा प्रयत्न केला! जिथे केलं तिथे फोन करून विचारलं तर म्हणे आम्ही असं काही लिहून ठेवत नाही. मिक्सर घेतला तरी मॉडेल नंबर लिहिलेलं कार्ड हातात मिळतं हो.

आता हे आकडे एवढे महत्त्वाचे का, ते मला नंतर कळलं, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. लेझरचा उजेड केसातल्या मेलॅनिनमध्ये, म्हणजे काळ्या रंगात शोषला जातो, केस तापतो आणि ती उष्णता मुळाशी असलेल्या, नवा केस तयार करणाऱ्या पेशींपर्यंत जाते. ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८३ मध्ये मांडली, योग्य रंगाचा उजेड योग्य तेवढा वेळ मारला तर नेमकं हवं तेच भाजता येतं आणि आजूबाजूचं वाचतं. सुंदर कल्पना आहे. पण तोच काळा रंग त्वचेतही असतो ना. त्वचा गोरी आणि केस काळे असतील तर लेझरला सोपं जातं, माझ्यासारखी सावळी त्वचा असेल तर उजेड केसापर्यंत पोचायच्या आधी वरच्या वर त्वचेतच अडतो आणि तिलाच भाजतो.

म्हणून तरंगलांबी, म्हणजे उजेडाचा रंग ठरवणारा आकडा, महत्त्वाची. अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८१० आणि एनडी-याग १०६४. आकडा जितका मोठा तितकं मेलॅनिन त्या उजेडाला कमी शोषतं आणि तो खोल जातो, म्हणून गडद त्वचेला १०६४ सगळ्यात सुरक्षित धरतात, जरा जास्त दुखतं आणि बारीक केसांवर तितकं चालत नाही ते वेगळं. पल्सचं पण तसंच, त्वचेचा पातळ थर पटकन थंड होतो आणि जाड केस सावकाश, त्यामुळे गडद त्वचेला उजेड जरा लांबवून दिला की त्वचेला उसंत मिळते आणि केस मात्र तापत राहतो. गंमत म्हणजे काही मशीनमध्ये ७५५ आणि १०६४ दोन्ही असतात, स्क्रीनवर एक बटन दाबलं की बदलतं. माझ्या वेळी कुठलं बटन दाबलं होतं? कोणालाच माहीत नाही. दोन सेशनला मला काही झालं नाही आणि तिसऱ्या वेळी हँडपीस धरायला दुसरीच मुलगी होती एवढं मला आठवतंय, शिवाय मी मधे पंधरा दिवस उन्हात फिरून आले होते आणि ते मला कोणी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं कारण टॅन झालेली त्वचा म्हणजे जास्त मेलॅनिन, अशा वेळी सेशन पुढे ढकलतात किंवा आधी एका कोपऱ्यात पॅच टेस्ट घेतात.

दुसरी तक्रार त्या 'कायमचं' या शब्दाची. जिथे बघावं तिथे पाटीवर लिहिलेलं असतं, केसांपासून कायमची सुटका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, या मशीनना जो दावा करायची परवानगी दिली आहे तो केस कायमचे कमी होण्याचा आहे, म्हणजे ठरलेली सेशन झाल्यावर परत उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहते, एवढंच. सगळे केस जातील असं त्यात कुठेही नाही. वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००६ मध्ये अकरा चाचण्यांचा आढावा घेतला होता, त्यात अलेक्झांड्राइट आणि डायोडने सहा महिन्यांपर्यंत साधारण ५० टक्के केस कमी झालेले दिसले, त्यापुढचा पुरावा तुटपुंजा होता. आढावा जुना आहे, मशीन तेव्हापासून सुधारली आहेत, पण पाटीवरचा शब्द त्याच्याही कितीतरी पुढे पळतोय. आणि पांढऱ्या केसांवर तर हे चालतच नाही कारण उजेड शोषायला रंगच नाही, सोनेरी-तांबूस केसांवरही फारसं नाही. त्यांना सुईवाली इलेक्ट्रोलिसिस, ती एकेक केस करते आणि वेळ खाते पण तिथे रंगाचा प्रश्न येत नाही. माझ्या समोर एका पिकल्या केसांच्या मावशींना हनुवटीसाठी पूर्ण पॅकेज विकलं गेलं. मी तेव्हा गप्प बसले, मला तरी कुठे माहीत होतं.

सहा-आठ सेशन का लागतात हे पण कोणी नीट सांगत नाही, लोकांना वाटतं पैसे काढायला. तसं नाही, वाढीच्या टप्प्यात असलेल्या केसालाच लेझर नीट लागू होतं आणि सगळे केस एका वेळी त्या टप्प्यात नसतात, म्हणून चार ते आठ आठवड्यांनी परत. मधल्या काळात शेव्हिंग चालतं, वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग नाही, कारण केसच मुळापासून उपटला तर लेझर तापवणार काय? आणि चेहऱ्यावर, गळ्यावर काही जणींना उलटंच होतं, आहे ती लव जाड होऊन केस वाढतात. गडद त्वचा आणि पीसीओएस, म्हणजे बायकांमधली ती हार्मोन्सची गडबड, असेल तर ही शक्यता जास्त. हे आधी सांगायला नको का?

मोबाइलवर फिरतं तसं लेझरने कॅन्सर होतो वगैरे मी लिहिणार नाही, हा नुसता उजेड आणि उष्णता आहे, क्ष-किरण नाहीत. पण क्ष-किरणांची गोष्ट तुम्ही वाचावी असं वाटतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'ट्रायको' नावाचं मशीन ब्युटी पार्लरमध्ये बसवलेलं असायचं, बायका त्यासमोर चेहरा धरून बसायच्या, केस खरंच गळायचे, दुखायचं नाही, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्यातल्या अनेकींच्या त्वचेला जखमा आणि कॅन्सर झाले. केस जातायत म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालल्याचा तो परिणाम.

लेझरचे धोके वेगळे आहेत आणि बरेचसे टाळता येण्यासारखे. भाजणं आणि डाग तर झालेच. डोळ्यांचं मात्र गंभीर आहे, भुवयांजवळ लेझर मारल्याने बुबुळाला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, आणि १०६४ चा किरण तर डोळ्याला दिसतच नाही, म्हणून त्या त्या तरंगलांबीचाच गॉगल लागतो, कुठलाही काळा चष्मा चालत नाही. सुन्न करायच्या क्रीमचं तर मला वाचून अंगावर काटा आला. लेझरला जायच्या आधी दोन तरुण मुलींनी, एक २२ ची आणि एक २५ ची, पायभर क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं, ते औषध रक्तात गेलं, झटके आले, कोमा, आणि दोघीही गेल्या. एफडीएने २००७ मध्ये त्यावर जाहीर इशारा दिला. मलाही क्रीम लावून यायला सांगितलं होतं, किती लावायचं ते सांगितलं नव्हतं.

आता नियमांचं. इंग्लंडने ऑक्टोबर २०१० मध्ये केस काढायच्या लेझरसाठी आरोग्य नियामकाकडे नोंदणीची सक्ती काढून टाकली, शेजारच्या वेल्सने मात्र ठेवली. जर्मनीत ३१ डिसेंबर २०२० पासून वेगळा नियम आहे, लेझरने टॅटू पुसणं फक्त डॉक्टरांनी, आणि केस काढणं इतरांनीही करावं पण ठरलेलं प्रशिक्षण घेऊन. मला जर्मनीचं जास्त पटतं. फक्त डॉक्टरांनीच करावं असा हट्ट मी धरणार नाही, चांगली शिकलेली टेक्निशियन घाईतल्या डॉक्टरपेक्षा बरी. पण अमेरिकेत लेझरच्या इजांवरून झालेल्या कोर्टकेसेस कोणीतरी मोजल्या तेव्हा मशीन चालवणारी व्यक्ती डॉक्टर नसल्याचं प्रमाण २००८ मध्ये ३६.३ टक्के होतं आणि २०११ मध्ये ७७.८ टक्के, आणि सगळ्यात जास्त केसेस केस काढण्याच्याच. तेव्हा शिकलेली म्हणजे किती शिकलेली, हे कुठेतरी ठरवावं लागेल.

ते ठरवायला समिती बसेल, वेळ जाईल, समजू शकते. तोपर्यंत एक साधा आदेश काढा. प्रत्येक सेशननंतर पेशंटच्या हातात एक कागद: मशीनचं नाव, तरंगलांबी, ज्यूल, पल्स, टिपेचा आकार, त्वचेचा प्रकार काय धरला, पॅच टेस्ट कधी घेतली, क्रीम कुठलं आणि किती, आणि मशीन कोणी चालवलं तिचं नाव आणि सही. दहा ओळीसुद्धा होत नाहीत. जिला हे लिहिता येत नाही तिने मशीन हातात धरू नये, हे आपोआपच ठरेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पांढऱ्या मशीनवाली पेशंट

ता.क. डाग फिकट होतायत, काही महिने लागतील असं डॉक्टरबाई म्हणाल्या, उन्हापासून जपायचंय. माझी तीन सेशन अजून शिल्लक आहेत आणि ती कधी घेणार म्हणून तिकडून मेसेज येतायत. मी उलट विचारलं, मशीनचं नाव काय? त्यावर अंगठ्याचा इमोजी आला.