चौघांबरोबर क्लेअर टॉरीचेही नाव हवे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वरचा लेख वाचून फार आनंद झाला. मराठी दैनिकात या अल्बमला अर्धे पान मिळते, ही आम्हा चाहत्यांसाठी मोठी गोष्ट आहे. रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मोर, रिचर्ड राइट, निक मेसन या चौघांवर लेखकाने भरभरून लिहिले आहे, मुखपृष्ठावरच्या लोलकावरही. पण त्यात गायलेल्या क्लेअर टॉरीचे नाव कुठेच नाही. माझे आयुष्य तबला शिकवण्यात आणि साथीला बसण्यात गेले. साथ करणाऱ्याचे नाव राहून गेले की मला चैन पडत नाही, म्हणून हे पत्र.

अल्बममधल्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या गाण्यात गायिकेला एकही शब्द नाही. राइट यांचा पियानो तयार होता, त्यावर नेमके काय हवे ते बँडलाही सांगता येत नव्हते. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी पंचवीस वर्षांच्या टॉरीला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलावले. शब्द नाहीत, विषय मृत्यूचा, एवढेच तिच्या हाती दिले. आपला आवाज म्हणजे एक वाद्यच आहे असे धरून ती गायली. तो आक्रोश आणि त्यानंतरचे ते थकून शांत होणे तिने तिथल्या तिथे उभे केले. मानधन मिळाले ३० पौंड. रचनेचे श्रेय मात्र एकट्या राइट यांच्याकडे राहिले. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून राइट यांच्या जोडीला तिचेही नाव येते. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला यात नवल वाटायला नको. बंदिश कोणाचीही असो, विस्तार गाणाऱ्याचा असतो.

हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४१ आठवडे होता, हे लेखात आले आहे. पण आकड्यांपेक्षा मला चाहत्यांचे प्रेम दिसते ते त्यांना तोंडपाठ असलेल्या नावांत. ‘टाइम’ या गाण्याच्या आरंभी एकदम वाजणारी घड्याळे ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती. अल्बमच्या शेवटी चंद्राला काळी बाजू वगैरे नसतेच, सगळाच काळा आहे, असे बोलणारा माणूस म्हणजे ॲबी रोडचा द्वारपाल जेरी ओ’ड्रिस्कॉल. स्टुडिओतल्या माणसांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरे अल्बमसाठी टिपली होती. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीलाही तेच प्रश्न विचारले होते, पण त्याची उत्तरे वापरली नाहीत, द्वारपालाची ठेवली! हा निर्णय मला फार आवडतो.

‘मनी’ सात मात्रांत चालते. रूपक ताल शिकवताना मी ते मुलांना ऐकवतो. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो, मग गिल्मोरच्या गिटारसाठी चाल चारावर येते आणि पुढे पुन्हा सात. मुलांची सम हमखास चुकते आणि ती स्वतःहूनच ‘सर, परत लावा’ म्हणतात. ही मुले २००० नंतर जन्मलेली. तेव्हा हे प्रेम म्हणजे फक्त आमच्या वयाच्या लोकांचे स्मरणरंजन, हा लेखातला सूर मला पटला नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स यांनी मुंबईत एमएमआरडीए मैदानावर हा अल्बम सलग सादर केला, तेव्हा मी डोंबिवलीहून गेलो होतो. गायिका पुढे आली तसा माझ्या शेजारचा अनोळखी मुलगा ‘क्लेअर टॉरीचं गाणं’ म्हणाला. ते पिंक फ्लॉइडचे आहे हे त्याला ठाऊक नव्हते असे थोडेच?

लेखाच्या शेवटी नव्या श्रोत्यांसाठी ‘टाइम’ आणि ‘मनी’ सुचवली आहेत. त्यांच्यामध्ये ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ही घालावे आणि टॉरीचे नाव द्यावे, ही विनंती. ‘टाइम’ संपते तिथूनच ते सुरू होते, फक्त मध्ये गाणे बंद करू नये.

– एक तबलाशिक्षक, डोंबिवली