हिशेब न मागणाऱ्या दात्यास

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार.

आपली आणि आमची ओळख नाही. आपण दिलेली देणगी कोणत्या कुटुंबापर्यंत पोहोचली हे आपल्याला बहुधा कळलेही नसेल, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ती रक्कम एका संस्थेमार्फत माझ्या आईच्या बँक खात्यावर थेट जमा झाली. ती कशावर खर्च करावी हे कोणी सांगितले नाही आणि नंतर पावत्या मागायलाही कोणी आले नाही. रकमेइतकेच या मोकळीकीबद्दल मला आपले आभार मानायचे आहेत.

शेतीवर जगणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या घरात पैसा कमी असतोच, पण नेमका हवा तेव्हा तो हाताशी नसतो ही अडचण त्याहून मोठी असते. पेरणीच्या तोंडावर बियाणे, खत आणि मजुरीचे खर्च एकदम उभे राहतात आणि उत्पन्न मात्र पीक निघाल्यावरच येते. मधल्या काळात सावकाराकडून उचल घ्यायची, ती फेडण्यासाठी सगळ्यांचाच माल बाजारात येऊन भाव पडलेला असताना आपलाही माल विकून टाकायचा, आणि व्याज वळते झाल्यावर उरलेल्या पैशांत पुढची पेरणी होत नाही म्हणून पुन्हा त्याच दारात जायचे, असे आमच्याकडे वर्षानुवर्षे चालले होते. आपले पैसे पेरणीपूर्वी आले. त्या हंगामात उचल घ्यावी लागली नाही, आणि सावकार दारात नसल्यामुळे माल घरात ठेवून भाव सुधारेपर्यंत थांबता आले. माल केव्हा विकायचा हे आमच्या घराने स्वतः ठरवण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

उरलेल्या पैशांवरून घरात बराच वाद झाला. वडिलांना शेळ्या घ्यायच्या होत्या, कारण पत्र्याच्या छपरातून उत्पन्न येत नाही असे त्यांचे म्हणणे होते. आईचा हिशेब वेगळा होता: गवताच्या छपराची शाकारणी दरवर्षी करावी लागते, त्यात पैसा जातो, मजुरीचे दिवस मोडतात आणि तरीही साठवलेले धान्य भिजते. खाते तिच्या नावावर असल्यामुळे तिच्या बोलण्याला या वेळी वजन होते, आणि पत्रे आले. बरोबर कोण होते हे आमच्या घरात अजून ठरलेले नाही. या विषयावर नंतर वाचताना मला आढळले, की केनियामध्ये विनाअट रक्कम मिळालेल्या अनेक कुटुंबांनीही गवत काढून पत्रेच घातले होते. आईला हे सांगितल्यावर तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

गरिबाच्या हाती रोख रक्कम दिली तर ती दारू-तंबाखूत उडते, ही शंका आपल्यालाही कोणी बोलून दाखवली असेल. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये निरनिराळ्या देशांतील 19 अभ्यास तपासले, तेव्हा अशा मदतीमुळे हा खर्च वाढल्याचे त्यांना दिसले नाही. पश्चिम केनियातील एका मोठ्या प्रयोगात दहा हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे 1000 डॉलर देण्यात आले. तेथे दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे परिसरातील अर्थव्यवहार सुमारे अडीच डॉलरने वाढला आणि महागाई मात्र नाममात्र वाढली. हे मला पटते, कारण आमच्याकडे आलेले पैसेही आमच्याजवळ राहिले नाहीत. ते सुताराकडे, पत्रे वाहून आणणाऱ्या गाडीवानाकडे आणि शेतात कामाला आलेल्या शेजाऱ्यांकडे गेले.

मेक्सिकोने 1997 मध्ये सुरू केलेल्या योजनेत पैसे मातांच्या हाती दिले जात, परंतु मुलांची शाळेतील हजेरी आणि आरोग्य तपासणी यांची अट होती. त्या योजनेने मुले शाळेत टिकली, हे मान्य आहे. तरीही मला वाटते, की जेथे शाळा लांब आहे किंवा दवाखाना बंदच असतो, तेथे अशी अट सर्वांत गरजू कुटुंबालाच प्रथम बाहेर काढते. आपण ती घातली नाही आणि धाकट्या भावाचे शिक्षण तरीही सुटले नाही, कारण मजुरीला पाठवण्याची निकडच त्या वर्षी उरली नव्हती. रोख मदतीने सगळे सुटते असे मात्र मी म्हणणार नाही. दवाखान्यात डॉक्टर नसेल तर खिशात पैसे असूनही उपचार मिळत नाहीत; ते काम शासनाचेच आहे.

एक विनंती करते. आमच्या शेजारच्या काही घरांची स्थिती आमच्यासारखीच असूनही ती यादीत आली नाहीत, आणि काही काळ त्यांचे आमच्याशी बोलणे तुटले होते. पुढे पुन्हा देणे शक्य झाल्यास, दरघरी रक्कम कमी झाली तरी चालेल, पण ती संपूर्ण वस्तीला मिळावी आणि पेरणीपूर्वी मिळावी, असे आपण संस्थेला अवश्य कळवावे.

आपली कृतज्ञ,
एका शेतकरी कुटुंबातील मुलगी