सुरमईला गरवायला जाणारी होडी कुठल्या परवान्यावर? : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार.

मी मालवण तालुक्यातला होडीवाला. वडील रापणीवर होते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर; मी फायबरच्या होडीने कांडाळ, म्हणजे पाण्यात उभं सोडायचं जाळं, मारतो. अलीकडे नारळी पौर्णिमा झाली की मला फोन येतात ते मासळीच्या भावासाठी नाही, तर ‘सुरमईला गरवायला न्याल का?’ म्हणून, म्हणजे गळाने सुरमई धरायला. पुण्याची, कोल्हापूरची, बेळगावची माणसं. स्वतःचे रॉड, स्वतःची रिळं, हातभर पेटीत रंगीबेरंगी प्लास्टिकचे मासे. जाळ्याच्या एका फेरीत डिझेल सुटेल की नाही याची खात्री नसते. हे लोक डिझेलसकट दिवसाचे पैसे आधी देतात. मी नेतो. माझ्यासारखे आणखीही नेतात.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. चौघे जण होते. उजाडता उजाडता खडपाच्या बाहेर होडी संथ धरून प्लास्टिकचे मासे मागे सोडले. गळाच्या वर वीतभर तार बांधलेली होती, कारण सुरमईचे दात नायलॉन एका झटक्यात कापतात. अर्ध्या तासात पहिलं रीळ किंचाळलं आणि मग थांबेचना. थवाच लागला होता. दोन तासांत अकरा सुरमया होडीत, आणि त्यातली एकही दोन फुटांची नाही. सुरमई अंडी घालायला लागते ती साधारण दोन फुटांच्या पुढे गेल्यावर. म्हणजे ही सगळी पोरंच. मी म्हटलं, बस झालं. ते म्हणाले, आत्ता कुठे मजा येतेय. मी होडी फिरवली. चौघे जेट्टीपर्यंत बोलले नाहीत, आणि त्यातल्या एकाने पुढची फेरी दुसऱ्या होडीशी ठरवली.

साहेब, मी थांबलो तो माझ्या मर्जीने. दुसरा थांबला नाही तर त्याला काय म्हणणार?

मासेमारीचा परवाना तुमच्या खात्याचा, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालचा. पर्यटक बसवून नेण्याचा परवाना बंदरांचं काम बघणाऱ्या मेरिटाइम बोर्डाचा. मग चार पर्यटक हातात गळ घेऊन बसले की ती होडी कोणती? मासेमारीची म्हणावी, तर हे प्रवासी कोण? प्रवासी म्हणावी, तर खालच्या बर्फात सुरमई कशी? उद्या वारा फिरला, कोणी पाण्यात पडला, तर विमा याच प्रश्नावर अडणार. म्हणून गळाने मासे धरायला पर्यटक नेणाऱ्या होड्यांसाठी वेगळा परवाना आणि नियम काढा, हीच माझी विनंती.

राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला, ते चांगलं झालं. पण तो नियम बंदरावर उतरणाऱ्या मासळीकडे बघून केलेला वाटतो, गळ घेऊन येणाऱ्या पर्यटकांकडे बघून नाही. आणि लहान सुरमई येतेच आहे, हॉटेलच्या थाळीत बघा. पूर्वी सुरमईची तुकडी ताटाबाहेर यायची, आता बांगड्याच्या मापाची येते. त्या तुकडीवरूनच कळतं की मासा केवढा होता.

मेक्सिकोच्या आखातात आपल्या सुरमईची चुलत बहीण आहे, किंग मॅकरेल. तिच्यासाठी भाड्याच्या होड्या नेण्याचा धंदा अमेरिकेत जुना आहे. १९८० च्या दशकात तिथला साठा खालावला, मर्यादा घातल्यावर हळूहळू सावरला. आज तिथे तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत २४ इंचांपेक्षा लहान मासा ठेवता येत नाही, माणशी दिवसाला तीनच. भाड्याने माणसं नेणाऱ्या होडीला वेगळा परवाना, आणि आखातात नवे परवाने देणं २००३ पासून थांबवलेलं आहे. तिथली नक्कल करा असं म्हणत नाही. पण तिथे हे साठा घसरल्यावर करावं लागलं. आपल्याकडे धंदा आत्ता बाळसं धरतोय.

लहान मासा सोडून द्या, एवढं लिहून चालणार नाही. सुरमईला पोहतानाच कल्ल्यांतून पाणी मिळतं. होडीत उचलून, फोटो काढून परत टाकली तर बहुतेक ती गुदमरून मेलीच. वाचवायची तर पाण्यातच गळ काढावा लागतो. त्यासाठी एकेरी गळ हवा. तिहेरी गळ तोंडात दोन ठिकाणी रुततो, आणि तो काढेपर्यंत मासा मेलेला असतो. म्हणून एकेरी गळाची सक्ती आणि माणशी मासळीची संख्या, या दोन गोष्टी एकत्र घाला. संख्या भरली की दोऱ्या वर. पकडलेली मासळी पर्यटकाने खावी, विकू नये.

आणि परवाना द्याल तो नोंदणी असलेल्या पारंपरिक मच्छीमाराच्या होडीलाच द्या. नाहीतर दोन वर्षांत रिसॉर्टवाल्यांच्या स्पीडबोटी येतील आणि आम्ही त्यांच्यावर होडी हाकणारे पगारी तांडेल होऊ.

मला ठाऊक आहे, गळाने सुरमई संपणार नाही. एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासळी ओढणाऱ्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी काही रात्री किनाऱ्यावरून बघावं तर समुद्रात दिवाळी. त्याबद्दल आमच्या मच्छीमार सोसायट्यांनी निवेदनं देऊन देऊन कागद संपवले. पण त्या दिव्यांकडे बोट दाखवून मी माझ्या होडीतल्या अकरा पोरांचा हिशेब टाळू शकत नाही.

या नियमांचा मसुदा निघेल तेव्हा तो मराठीत काढा आणि मुंबईत सही होण्याआधी दांडी, देवबाग, आचऱ्याच्या किनाऱ्यावर वाचायला पाठवा. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढलेल्या असतात, सगळे घरी असतात.

आपला,
एक होडीवाला, मालवण