पाकिटाचा थर न् थर उलगडून दाखवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. नागपूरकडच्या कारखान्यात पाकिटं छापायच्या ग्रॅव्ह्युअर मशीनवर हयात घालवून गावी परतलेला माणूस आमच्या बचत गटाच्या हळद-तिखटाच्या पाकिटांपायी दुपारच्या दुपार बसतो आणि चहापलीकडे काही घेत नाही. त्याचे आभार फोनवर उरकावेत हे गटातल्या बायांना पटेना, म्हणून हे सगळ्यांसमोर.

आम्ही विचारलं होतं, "काकाजी, सगळ्यात चांगली पन्नी कोणती?" तुम्ही म्हणाले, "पन्नीचं मंग पाहू. माल कशानं खराब होते, ते सांगा आधी."

आमचा सगळा हिशेब त्या एका प्रश्नानं फिरला. आपल्या वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती नावाजली ती कुरकुमिनसाठी, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणाऱ्या घटकासाठी. आणि कुरकुमिनचं वैर उजेडाशी. शिवाय दमट हवा लागली की पावडर गोळे धरते. तिखटाचा लाल रंगही उजेडानं उडतो. जवसाच्या चटणीला हवा बाधते, तेल खवट होतं. कुरडया आणि सरगुंडे या वाळवणांना उजेडाशी काही घेणंदेणं नाही, त्यांना फक्त ओल नको. पण त्यांची टोकं पातळ पन्नीला भोकं पाडतात. म्हणजे चार मालांची चार दुखणी, आणि आम्ही सगळ्यांना एकच खिडकीवालं पाकीट घ्यायला निघालो होतो, कारण प्रदर्शनात तेच उठून दिसतं. खिडकीतून गिऱ्हाइकाला हळद दिसते खरी, पण उजेडही तिथूनच आत जातो.

मग तुम्ही बादलीभर पाणी मागवलं. साध्या पॉलिथिनचा तुकडा तरंगला, बिस्किटाच्या पुड्याच्या पारदर्शक बीओपीपीचाही (ताणून केलेल्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) तरंगला, पॉलिएस्टरचा मात्र तळाला गेला. त्यानंतर दोन चकचकीत पाकिटं. दिसायला जुळी. आत मोबाइलची बॅटरी लावली तर एकातून मंद उजेड दिसला, दुसऱ्यातून काहीच नाही. पहिलं मेटलाइज्ड, म्हणजे फिल्मवर ॲल्युमिनियमच्या वाफेचा नुसता लेप. दुसऱ्यात खरी ॲल्युमिनियम फॉइल. घडी घातली की फॉइलवालं तसंच राहतं, मेटलाइज्ड पुन्हा उलगडू पाहतं. चांदीच्या रंगाला भुलून फॉइलचा भाव मोजणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा करून पाहावं.

थरांचं गणितही तेव्हाच डोक्यात शिरलं. बाहेर 12 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॉलिएस्टर, कारण ते ताठ राहतं, सिलरच्या, म्हणजे तोंड चिकटवायच्या मशीनच्या, उष्णतेला टिकतं आणि छपाई नीट घेतं. मध्ये मेटलाइज्ड, उजेड आणि हवा अडवायला. आत पॉलिथिन, कारण वितळून चिकटायचं काम त्याचंच. एकटं पॉलिथिन ओल बऱ्यापैकी थोपवतं, पण हवा आणि वास त्यातून आरपार जातात. चटणीच्या पन्नीशेजारी ठेवलेल्या शेवया का वासाळतात, ते आता कळलं. पन्नीची जाडी दुकानदार गेजमध्ये सांगतो आणि कारखाना मायक्रॉनमध्ये, तर 100 गेज म्हणजे 25 मायक्रॉन, हे आमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. तपकिरी कागदाच्या पाकिटाचं सोंगही तुम्ही फाडूनच दाखवलं. कागद नुसता अंगरखा, राखण करते ती आतली फिल्म.

छपाईवर तर तुम्ही रंगातच आले. भिंगाखाली अक्षराची कड करवतीसारखी दातेरी दिसली तर ग्रॅव्ह्युअर, कडेला शाईची गडद किनार दिसली तर फ्लेक्सो, ही छपाईची दुसरी पद्धत. ग्रॅव्ह्युअरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेल्या सिलिंडरवर बारीक खळगे कोरतात, वर क्रोम चढवतात, आणि प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. फ्लेक्सोत उठावाची लवचिक प्लेट असते, ती सिलिंडरपेक्षा स्वस्त. डिजिटल छपाईला यातलं काहीच लागत नाही, म्हणून थोडक्या पाकिटांना ते परवडतं. चित्र उलटं छापून आतल्या बाजूला ठेवतात, मग दुसरा थर चिकटवतात. शाई दोन थरांच्या मध्ये अडकते, हाताला लागत नाही की मालाला. आणि पारदर्शक फिल्मवर रंगांच्या मागे पांढरी शाई दिली नाही तर हळदीच्या पिवळ्यात सगळी अक्षरं बुडतात.

हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणाले, "पण तुमाले यातलं आत्ता काईच नोको." आमचे चार पदार्थ, प्रत्येकाची दोन-तीन वजनं, माप बदललं की सिलिंडर बदलला, आणि कारखाना थोडका माल छापून देत नाही. दुसरा कोणी असता तर ओळखीच्या छापखान्याची गाठ घालून कमिशन घेऊन मोकळा झाला असता. तुम्ही तयार कोरी चंदेरी पाकिटं घ्यायला लावली, वर लॅमिनेशनचं स्टिकर. किंमत, तारीख, बॅच बदलली तर स्टिकरच बदलायचं. पैसे वाचले ते आम्ही चांगल्या सिलरमध्ये घातले.

त्या सिलरवरून तुम्ही आम्हाला फार बोलले, तेही लिहिते. पावडर भरताना तोंडाशी उडालेली धूळ सीलमध्ये अडकते आणि तिथूनच पाकीट गळतं. आता नरसाळं लांब नळीचं आहे, तोंड कोरड्या फडक्यानं पुसल्याशिवाय कोणी सील मारत नाही, आणि प्रत्येक खेपेतलं एखादं पाकीट पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते पाहतो. हे काम सासूबाई करतात. बुडबुडा दिसला की सगळी खेप थांबवतात, कोणाचं ऐकत नाहीत.

सध्या हळद-तिखट चंदेरी तीन बाजू सीलच्या पाकिटात, कुरडया-सरगुंडे जाड पारदर्शक पन्नीत. मोठ्या वजनाच्या हळदीला तेवढं उभं राहणारं झिपवालं स्टँडी पाऊच घेतलं, कारण ते घरी पुन्हा पुन्हा उघडावं लागतं. जवसाची चटणी तुमच्या म्हणण्याप्रमाणे फॉइलमध्ये, लहान वजनात, ताजी करून.

एक गोष्ट राहिलीय. हे तीन थर एकमेकांपासून सुटत नाहीत, त्यामुळे भंगारवाला अशी रिकामी पाकिटं घेत नाही, आणि गावाच्या कडेला ती दिसू लागलीत. एकाच जातीच्या प्लास्टिकची पाकिटं निघालीत असं तुम्ही ओझरतं बोलले होते. ती हळदीला चालतील का, ते पाहायला नमुने घेऊन या. काकूंनाही आणा, मुंगवड्या घालायच्या आहेत, त्यांच्या हाताशिवाय जमत नाहीत.

आपल्या,
गटातल्या सगळ्या बाया
तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा