दुकानातले चित्र आणि घरातले चित्र

प्रति,
मा. संपादक,

विषय : नव्या टीव्हीवरचा खर्च आणि सामान्य कुटुंब

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत नव्या टीव्हींविषयी आलेला लेख वाचला. फोर-के, एट-के (पडद्यावर किती ठिपके, ते सांगणारी), क्यूएलईडी, ओएलईडी (पडद्याचे प्रकार) ही सगळी नावे त्यात नीट उलगडून सांगितली होती. मात्र महिन्याला पंचवीस-तीस हजारांत घर चालवणाऱ्या माणसाने यांपैकी कशासाठी पैसे मोजावेत आणि कशासाठी मोजू नयेत, हे त्यात कुठेच आले नाही. मी गेली २९ वर्षे कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत टीव्ही दुरुस्तीचे काम करतो. लोकांनी जुनेच टीव्ही वापरले तर माझा धंदा वाढतो, तेव्हा माझे म्हणणे थोडे पारखूनच घ्यावे, ही विनंती आधीच करून ठेवतो.

गेल्या दिवाळीनंतर फुलेवाडीहून एका निवृत्त एसटी वाहकांचा फोन आला. "नवा टीव्ही बिघडलाय, जरा येऊन बघा की," असे त्यांचे म्हणणे होते. जाऊन पाहतो तर ५५ इंची फोर-के टीव्ही, भिंतीवर नीट बसवलेला, आणि त्यावर संध्याकाळची मालिका चाललेली. माणसांचे चेहरे मेणाचे असावेत तसे गुळगुळीत आणि खालून सरकणारी अक्षरे कडेने फाटलेली. टीव्हीत काहीही बिघाड नव्हता. केबलचा बॉक्स जुना, साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या, वाहिन्यांचा होता. अशा वाहिनीचे चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपक्यांचे असते आणि फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. आलेल्या एका ठिपक्याला वीस ठिपक्यांची जागा भरून काढावी लागते आणि उरलेल्या एकोणीस जागी काय असावे, हे टीव्ही स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. तो अंदाज त्यांना मेणासारखा दिसत होता. त्यांच्या जुन्या ३२ इंची टीव्हीवर हेच चित्र चांगले वाटत होते, कारण तिथे ते इतके ताणलेले नव्हते.

दुकानात त्यांना हे का दिसले नाही, याचे उत्तर सोपे आहे. दुकानातल्या टीव्हीवर कंपनीने पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलेली समुद्र, पोपट आणि फुलांची चित्रफीत चालू असते आणि टीव्हीही दुकानासाठीच्या भडक मोडवर ठेवलेला असतो. ग्राहक तीन फुटांवर उभा राहून पाहतो. घरी तो केबल लावतो आणि साडेआठ फुटांवर बसतो.

हे साडेआठ फूट मी त्यांच्या घरी टेपने मोजले, आणि माझ्या मते सगळा हिशेब इथेच आहे. सर्वसाधारण चांगल्या डोळ्याला कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. या हिशेबाने ४३ इंची पडद्यापासून साडेपाच-सहा फुटांपलीकडे बसलेल्या माणसाला फुल एचडी (फोर-केच्या एक चतुर्थांश ठिपके) आणि फोर-के यांतला ठिपक्यांचा फरक कळत नाही. ५५ इंची पडद्याला ही मर्यादा सुमारे सात फुटांची आहे. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत सोफा टीव्हीच्या समोरच्या भिंतीला टेकलेला असतो. म्हणजे उत्तम फोर-के चित्र आले तरी त्यातला बराचसा भाग सोफ्यापर्यंत पोहोचतच नाही, मग एट-केचे ३ कोटी ३२ लाख ठिपके आपण नेमके कोणासाठी विकत घेणार आहोत?

"मग पैसे पाण्यात गेले म्हणायचे?" असे त्यांनी विचारले. तसे नाही, आणि हे मी त्यांनाही सांगितले. मोठ्या पडद्याचा उपयोग खरा आहे; वय झालेल्या माणसाला सामन्याचा धावफलक बसल्या जागेवरून वाचता येणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि फुटबॉलच्या विश्वचषकात अर्जेंटिना-ब्राझीलवरून गल्लीत उभे दोन तट पडणाऱ्या आपल्या गावात चेंडू स्पष्ट दिसण्याचे महत्त्व मी सांगायला नको. त्यांनी एचडी बॉक्स आणि मोजक्या एचडी वाहिन्या घेतल्या आणि चित्र पाहण्यासारखे झाले. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे त्यातला काळा रंग खरोखर काळा असतो. अंधाऱ्या खोलीत रात्री चित्रपट पाहणाऱ्याला तो फरक पहिल्या मिनिटात कळेल. पण दार रस्त्यावर उघडणाऱ्या आणि दिवसभर उजेड असणाऱ्या पुढच्या खोलीत त्या काळ्यावर खिडकीच दिसते. शिवाय ज्या घरात वृत्तवाहिनी सकाळपासून चालू असते, तिथे वाहिनीचे बोधचिन्ह ओएलईडीच्या पडद्यावर कायमचे उमटण्याची भीती असते. १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलण्याचा, उपयोग व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाला होईल. आपल्याकडच्या वाहिन्या मुळात ५० हर्ट्झच्या हिशेबाने येतात.

टिकाऊपणाविषयी पुरवणीत एक ओळही नव्हती. पिक्चर ट्यूबचा टीव्ही पंधरा-वीस वर्षे चालत असे आणि त्याचे भाग सुटे मिळत. आता पडद्याला तडा गेला तर नवे पॅनेल बसवण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. माझ्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार "आवाज येतो, चित्र नाही" ही आहे. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, की आत अंधूक हलणारे चित्र दिसते. म्हणजे चित्र आहे, मागचा उजेड गेला आहे. मागच्या पट्टीवरचा एक एलईडी जळाला तरी सगळी ओळ विझते. या पट्ट्या बदलता येतात, पण टीव्ही सतत पूर्ण उजेडावर ठेवल्यामुळे त्या लवकर जातात. नव्या टीव्हीचा बॅकलाइट, म्हणजे हा मागचा उजेड, पहिल्याच दिवशी निम्म्यावर आणावा, याला एक रुपयाही लागत नाही. पाच-सहा वर्षांत स्मार्ट टीव्हीची अ‍ॅप चालेनाशी होतात, तेव्हाही चांगला पडदा मोडीत काढण्याचे कारण नसते; अ‍ॅप चालवणारी तीन-चार हजारांची स्टिक मागे लावली की काम भागते. माझ्या दुकानाच्या कपाटात थ्रीडी टीव्हीचे चार चष्मे आजही पडून आहेत. ज्या गिऱ्हाइकाने ते दिले, त्याने ते दोनदाच वापरले होते आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते टीव्ही बनवणेच बंद केले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ३० हजार किंमत असलेल्या टीव्हीत यामुळे ३ हजार वाचतात. बऱ्याच घरांनी हे पैसे आणखी मोठ्या पडद्यात घातल्याचे मला दिसते. त्यांतून कित्येक महिने एचडी वाहिन्यांचा वाढीव खर्च निघाला असता.

आपल्या दैनिकाने विक्रेत्यांपुढे दोन मागण्या मांडाव्यात, अशी माझी विनंती आहे. टीव्हीवर विजेच्या तारांकनाची चिठ्ठी असते, तिच्याशेजारी सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत मिळेल हे लिहावे. आणि दुकानातल्या एका तरी टीव्हीवर साधी केबल चालू ठेवावी. मागच्या महिन्यात पुतण्यासाठी टीव्ही पाहायला गेलो, तेव्हा मी विक्रेत्याला पोपट बंद करून केबल लावायला सांगितले. त्या तीन मजली दुकानात केबलची वायरच आलेली नव्हती.

आपला नम्र,
एक टीव्ही दुरुस्तीकार,
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर