स्टॅटिनची गोळी आणि सिस्टरचा सल्ला

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराचा झटका आल्यामुळे माझ्या धाकट्या दिरांची येथे इंदूरमध्ये अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना सिस्टरने गोळ्यांची पिशवी हाती दिली आणि ‘ही रात्री घ्या, तेलकट बंद करा’ एवढेच सांगितले. तीन महिन्यांनी तपासणीत एलडीएल, म्हणजे रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ८८ आले, शेजारी मर्यादा १०० छापलेली होती, तेव्हा भावजींनी ‘नॉर्मल आहे’ म्हणत स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी आपणहून सोडली. हा आकडा गोळीमुळेच उतरला आहे आणि ती थांबली की काही आठवड्यांत पुन्हा चढेल, हे त्यांना कुणी समजावलेच नव्हते. शिवाय कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे एलडीएल ५५ च्या खाली असावे. १०० ची मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी आहे.

पुढच्या भेटीत मी हे सिस्टरपाशी काढले, तेव्हा ती प्रांजळपणे म्हणाली, “आम्हालाच हे कुणी नीट शिकवलेलं नाही, म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारा म्हणतो.” मला तिचा राग आला नाही. डॉक्टरांसमोर गप्प बसणारा रुग्ण सिस्टरला मात्र सगळे विचारतो, आणि नेमकी तिचीच तयारी करून घेण्याचे कुणाच्या मनात येत नाही.

‘तेलकट बंद’ हा सल्ला तर इंदुरात निरर्थकच आहे. सकाळच्या पोह्यांवर शेव किती घ्यायची, कचोरी आठवड्यातून किती वेळा चालेल आणि ती वनस्पती तुपात तळलेली असेल तर काय, असे बोलले तर माणूस ऐकतो. तेलाच्या डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ वाचून भावजी निर्धास्त होते. वनस्पतिज तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नगण्य असते आणि शरीरातले बरेचसे यकृतच तयार करते, हे ऐकून ते चकित झाले. गोळीने स्नायू दुखू लागले तर ती परस्पर न सोडता कळवावे, हेही सिस्टरने सांगण्यासारखेच आहे.

रुग्णालयांनी परिचारिकांना याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि रुग्णाला घरी सोडण्याच्या वेळी निदान पंधरा मिनिटे एका सिस्टरला दुसरे काम देऊ नये, अशी माझी विनंती आहे. तीन खोल्यांतल्या घंटा वाजत असताना कितीही जाणती सिस्टर काय समजावणार?

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर